अनोळखी माणूस आपला पत्ता का देतो

डिसेंबर २००७. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी बराक ओबामा धडपडत होते. आयोवातली पहिली पक्षांतर्गत निवडणूक ३ जानेवारीला होती, म्हणजे अगदी तोंडावर आलेली. त्यांच्या प्रचाराच्या संकेतस्थळावर येणाऱ्याला आधी एक साधं पान दिसायचं. वर ओबामांचं निळसर-हिरव्या छटेतलं छायाचित्र, खाली ईमेल आणि झिप कोड लिहायच्या चौकटी आणि त्याखाली ‘साइन अप’ असं लिहिलेलं बटण. प्रचाराची पत्रं घरबसल्या मिळावीत म्हणून माणसाने इथे आपला पत्ता द्यावा, एवढंच त्या पानाचं काम. अशा पानाला धंद्याच्या भाषेत ‘लँडिंग पेज’ म्हणतात.

गूगलमधून प्रचारात आलेल्या डॅन सिरोकर यांनी या पानावर एक प्रयोग केला. बटणावरच्या मजकुराचे चार पर्याय घेतले: ‘साइन अप’, ‘साइन अप नाऊ’, ‘जॉइन अस नाऊ’ आणि ‘लर्न मोअर’, म्हणजे ‘अधिक जाणून घ्या’. वरच्या चित्राच्या जागी सहा पर्याय ठेवले, तीन छायाचित्रं आणि तीन चित्रफिती. चार गुणिले सहा, अशी चोवीस पानं तयार झाली. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांपैकी एक पान योगायोगाने दिसायचं. एकूण ३,१०,३८२ लोकांनी ही पानं पाहिली, म्हणजे प्रत्येक पानाच्या वाट्याला सुमारे तेरा हजार माणसं आली.

प्रयोगाआधी शिकागोतल्या प्रचार कार्यालयातल्या मंडळींचा कल एका चित्रफितीकडे होता. हलणारं चित्र, प्रत्यक्ष आवाज, भरलेली सभा यांच्यापुढे स्थिर छायाचित्राचं काय चालणार? प्रत्यक्षात तिन्ही चित्रफिती तिन्ही छायाचित्रांच्या मागे पडल्या. सगळ्यांत पुढे गेलं ते ओबामा, त्यांची पत्नी आणि दोन लहान मुली असं कृष्णधवल कौटुंबिक छायाचित्र आणि त्याखालचं ‘लर्न मोअर’ बटण. जुन्या पानावर शंभरातले ८.२६ लोक पत्ता देत होते, नव्यावर ११.६ देऊ लागले. वाढ ४०.६ टक्के. केवळ बटणाचा हिशेब काढला, तर ‘साइन अप’च्या तुलनेत ‘लर्न मोअर’ने १८.६ टक्के जास्त पत्ते मिळवले.

हा किस्सा लँडिंग पेजच्या जगात इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की त्याचा एक चमत्कार होऊन बसला. त्याला जोडून येणारा आकडा तर डोळे दिपवणारा आहे: या एका बदलामुळे प्रचाराला सहा कोटी डॉलर जास्त मिळाले. तो आकडा कसा निघाला, ते पाहायला हवं. पूर्ण प्रचारात सुमारे एक कोटी लोकांनी नोंदणी केली. जुनं पान तसंच ठेवलं असतं तर त्या दराने ७१.२ लाख आले असते, म्हणून २८.८ लाख पत्ते जास्तीचे. प्रत्येक पत्त्यामागे सरासरी २१ डॉलर देणगी आली होती, म्हणून सहा कोटी. या गणितात दोन गृहीतकं दडलेली आहेत. पहिलं असं, की डिसेंबरमध्ये मिळालेला फायदा पुढचं सगळं वर्ष तसाच टिकला. दुसरं असं, की पान बदलल्यामुळे आलेला माणूस, काहीही झालं तरी आलाच असता अशा कट्टर समर्थकाइतकेच पैसे देतो. मला दुसरं गृहीतक फार कच्चं वाटतं. काठावरचा माणूस काठावरचाच असतो. प्रयोग खरा आहे आणि त्याचा निकालही पक्का आहे. सहा कोटींचा आकडा मात्र अंदाजावर रचलेला अंदाज आहे, आणि तो तसाच सांगायला हवा.

अशी तुलना करून मोजण्याचा शोध संगणकाच्या युगातलाही नाही. अमेरिकन जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्ये ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिलं. त्या काळी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत कापून पाठवायचं कूपन असे आणि त्यावर छोटी खूण छापलेली असे. कोणत्या जाहिरातीमुळे किती कूपनं परत आली, ते त्या खुणेवरून मोजता येई. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर खतांचे प्रयोग आखत होते. एकेक गोष्ट सुटी तपासण्यापेक्षा सगळ्या जोड्या एकदम तपासाव्यात, आणि कोणत्या वाफ्याला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, हा त्यांचा आग्रह होता. ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ हे त्यांचं पुस्तक १९३५ चं. शिकागोतली चोवीस पानं म्हणजे फिशर यांचे चोवीस वाफेच.

पण ‘लर्न मोअर’च का? प्रयोग ‘काय’ ते सांगतो, ‘का’ ते सांगत नाही. माझं उत्तर असं. डिसेंबर २००७ मध्ये बऱ्याच अमेरिकनांना ओबामा नीट माहीत नव्हते. ‘जॉइन अस’ म्हणणारं बटण त्यांना बाजू घ्यायला सांगत होतं. ‘लर्न मोअर’ फक्त ऐकून घ्यायला सांगत होतं. चौकट तीच, पत्ता तोच, पण मागणी त्या माणसाच्या तयारीइतकीच. कौटुंबिक छायाचित्रही त्याच कारणाने चाललं असावं: हा माणूस कोण, या प्रश्नाला ते एका नजरेत उत्तर देतं. चित्रफितीला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि ती सुरू करायची की नाही हा आणखी एक निर्णय समोर ठेवते.

म्हणून आज कोणी मराठी बटणावर ‘अधिक जाणून घ्या’ असं चिकटवून चाळीस टक्के वाढीची वाट पाहू लागला, तर त्याने किस्सा ऐकला पण समजून घेतला नाही. घ्यायचा तो बटणावरचा शब्द नव्हे. समोरचा माणूस आत्ता कुठे उभा आहे आणि त्याच्याकडे किती मागणं रास्त आहे, हा विचार घ्यायचा.

एक उदाहरण कल्पून पाहू. समजा, पाटबंधाऱ्याचा अभ्यास असलेली एखादी बाई राज्यातल्या धरणांवर आठवड्याचं ईमेल वार्तापत्र काढते. उजनीत किती टक्के उपयुक्त साठा, कोयनेत किती टीएमसी, जायकवाडीत वरून किती क्युसेक आवक, आणि या आकड्यांचा शेतासाठी अर्थ काय. तिने पान बनवलं. वर मथळा: ‘आमच्या वार्तापत्रात आपले स्वागत आहे’. खाली: ‘ताज्या अपडेट्ससाठी सबस्क्राइब करा’. बटण: ‘सबमिट’.

या पानावर खोटं काही नाही, पण काहीच सांगितलेलंही नाही. करमाळ्याचा ऊस उत्पादक तिथे आला तर त्याच्या मनात चार प्रश्न असतात. मला काय मिळणार? कधी मिळणार? कोण पाठवतंय? आणि माझ्या पत्त्याचं पुढे काय होणार? मथळा स्वागत करण्यात खर्च झाला, त्यामुळे पहिला प्रश्नच उभा राहिला. आता हेच असं लिहून पाहा: ‘उजनी, कोयना, जायकवाडी: या आठवड्यात पाणी किती आणि तुमच्या पिकाला त्याचा अर्थ काय. दर शनिवारी सकाळी, पाच मिनिटांत वाचून होईल असं.’ खाली लिहिणारीचं नाव, छायाचित्र आणि दोन ओळींत तिचा अनुभव. त्याखाली गेल्या शनिवारचा अंक, पूर्ण, कुलूप न लावता. बटणावर: ‘शनिवारचा अंक मला पाठवा’. बटणाखाली एक ओळ: ‘पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही. नको वाटलं तर प्रत्येक अंकाच्या तळाशी बंद करायचा दुवा आहे.’

यातला जुना अंक उघडा ठेवण्याचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि तोच सर्रास गाळला जातो. सगळं फुकट दाखवलं तर पत्ता कोण देईल, अशी भीती असते. पण ज्याला एक अंक वाचूनही पुढचा हवासा वाटला नाही, त्याचा पत्ता घेऊन करायचं काय? ‘तज्ज्ञ’, ‘विश्वसनीय’, ‘दर्जेदार’ ही विशेषणं जो भरवसा देऊ शकत नाहीत, तो एका नीट लिहिलेल्या अंकातून मिळतो.

आता चौकटी. प्रत्येक वाढीव चौकट म्हणजे भरणाऱ्याला परत फिरण्याचं आणखी एक निमित्त. नाव कशाला हवं? अंकाच्या सुरुवातीला ‘नमस्कार अमुकराव’ लिहायला? त्याने अंकाची किंमत काडीइतकीही वाढत नाही. मोबाइल नंबर तर मागूच नये. आपल्याकडे नंबर दिला की पाठोपाठ कोणाकोणाचे फोन सुरू होतात, याचा अनुभव घरोघरी आहे. धरणाच्या वार्तापत्राला तालुका विचारला तर ते समजू शकतं, कारण त्यावरून अंक बदलू शकतो. तसं असेल तर चौकटीशेजारीच कारण लिहावं.

बहुतेक वाचक हे पान फोनवर पाहणार, म्हणून काही बारीक गोष्टी मोठ्या ठरतात. ईमेलची चौकट बनवताना तिचा प्रकार ‘ईमेल’ असा नोंदवला, तर फोन ॲटचं चिन्ह समोर असलेला कळफलक उघडतो. नोंदवला नाही तर ते चिन्ह शोधत बसावं लागतं. चौकटीतली अक्षरं सोळा पिक्सेलपेक्षा लहान असली तर आयफोनवर पान आपोआप मोठं होऊन सरकतं आणि बटण नजरेआड जातं. चौकटीत काय लिहायचं ते फिकट अक्षरांत आतच लिहिण्याची फॅशन आहे. टंकायला सुरुवात करताच ते नाहीसं होतं, आणि उतारवयातल्या वाचकाला मुळात दिसतच नाही. सूचना चौकटीच्या वर, ठळक आणि कायमची असावी. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोधाभास किमान साडेचारास एक असा हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडीची हौस या निकषात बसत नाही.

देवनागरीचे प्रश्न आणखी वेगळे आहेत, आणि परदेशी साचे जसेच्या तसे वापरणाऱ्यांना ते पान तयार झाल्यावरच दिसतात. रोमन अक्षरांच्या मापाने बनवलेल्या बटणात वरची वेलांटी, रफार, अनुस्वार कडेला टेकतात आणि खालचे उकार कापले जातात. ओळींमधलं अंतर वाढवावंच लागतं. इंग्रजी बटणावर अक्षरं सुटी सुटी ठेवण्याची पद्धत आहे. तीच सूचना मराठी मजकुराला लागू झाली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मोठ्या लिपीतली अक्षरं आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे जोर द्यायचा तो आकाराने, जाडीने किंवा रंगाने. जाडी फार वाढवली तर ‘ष’, ‘ख’, ‘क्ष’ यांची पोटं भरून जातात. छोट्या पडद्यावर मध्यम जाडीचा, थोडा मोठा टंक अधिक वाचनीय ठरतो.

आणखी एक. ईमेलचा पत्ता इंग्रजी लिपीतच असतो असं धरून बहुतेक फॉर्म लिहिले जातात. देवनागरीसह इतर लिप्यांतल्या पत्त्यांसाठीचं तांत्रिक मानक २०१२ सालीच ठरलं आहे. असे पत्ते वापरणारे थोडे असतील, पण मराठी वार्तापत्राच्या फॉर्मने देवनागरी पत्त्याला ‘अवैध’ म्हणावं हे मला सहन होत नाही.

इथवर विनंतीचा विषय झाला. जबरदस्तीचाही एक मोठा विषय आहे. पहिला परिच्छेद वाचायच्या आत पडदाभर पसरणारी चौकट सगळ्यांनी पाहिली आहे. गूगलने १० जानेवारी २०१७ पासून फोनवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांचं शोधनिकालांतलं स्थान घसरू शकेल असा नियम आणला, तरी ती चौकट गेली नाही. त्याहून वाईट म्हणजे नकाराच्या बटणावर लिहिलेला टोमणा: ‘नको, मला नुकसान चालेल’. भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत आणि नकार देणाऱ्याला लाजवणं हा त्यांपैकी एक आहे. तिथलं उदाहरण विमानाच्या तिकिटाचं आहे: विमा नको म्हणणाऱ्याकडून ‘मी असुरक्षित राहीन’ असं वदवून घेणं.

आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट हा याच कुळातला प्रकार. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘प्लॅनेट ४९’ या खटल्यात १ ऑक्टोबर २०१९ रोजी स्पष्ट केलं, की अशी चौकट म्हणजे संमती नव्हे. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. कायद्याच्या दृष्टीने संमती मोकळ्या मनाने, ठरावीक कारणासाठी, माहिती घेऊन, विनाअट आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय माणसाला मिळायला हवा. वर मराठी मथळा आणि खाली इंग्रजीत बारीक टंकात अटी, ही आजची सरसकट रीत या कायद्यापुढे टिकणारी नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी जबरदस्तीचा तोटा रोखीने भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या बाबतीत दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रं पाठवणाऱ्याला आपल्या डोमेनची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी लागते, एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते, आणि ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. म्हणजे हजारात तीन माणसं चिडली की धोक्याची रेषा आली. ज्याला आठवतच नाही की आपण पत्ता कधी दिला, तो बंद करायचा दुवा शोधत बसत नाही, ‘स्पॅम’वर बोट ठेवतो. मग ज्यांना अंक हवा आहे त्यांचेही अंक कचऱ्याच्या कप्प्यात जाऊ लागतात.

म्हणूनच पत्ता मिळाल्यावर लगेच एक खातरजमेचं पत्र पाठवून ‘हो, मीच’ असं कबूल करून घेण्याची पद्धत मी योग्य मानतो. त्यात काही जण गळतात. चुकीचे टंकलेले, दुसऱ्याचे किंवा गंमत म्हणून दिलेले पत्तेही त्यातच गळतात. बटण दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर मात्र साफ लिहावं: पत्र कोणत्या नावाने येईल, कुठे शोधायचं आणि त्यात काय दाबायचं. नुसतं ‘धन्यवाद’ दिसलं तर माणूस पुढचं पाऊल टाकायचं विसरतो.

आता मोजणीकडे परत येऊ, कारण छोट्या प्रकाशकाची तिथे हमखास फसगत होते. धरणाच्या पानावर रोज शंभर माणसं येतात आणि दोन पत्ता देतात असं समजू. नव्या मथळ्याने दोनाचे अडीच झाले का, हे भरवशाने ठरवायला रूढ संख्याशास्त्रीय निकषांनुसार प्रत्येक पानाला सुमारे चौदा हजार माणसं लागतात. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार, म्हणजे दोनशे ऐंशी दिवस. तोवर पावसाळा येऊन गेलेला असतो. शिकागोतल्या मंडळींपाशी तीन लाख पाहुणे होते आणि फरकही मोठा होता, म्हणून त्यांना ते जमलं. आठवडाभरात एका पानाला नऊ आणि दुसऱ्याला सहा पत्ते मिळाले म्हणून विजय जाहीर करणं म्हणजे नाणेफेकीवर विश्वास ठेवणं. रोज डोकावून, आवडतं पान पुढे दिसलं की प्रयोग थांबवणं तर त्याहून घातक, कारण निव्वळ योगायोगाने कधी ना कधी ते पुढे असणारच.

छोट्यांसाठी रास्त मार्ग वेगळा आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं, की पाच माणसांना एखादी रचना वापरताना पाहिलं तरी तिच्यातल्या बहुतेक अडचणी उघड होतात. पाच वाचक गाठावेत. एक शेतकरी, एक शिक्षिका, एखादे निवृत्त अभियंता काका. त्यांच्या हाती त्यांचाच फोन द्यावा, पान उघडून द्यावं आणि गप्प बसावं. बोट कुठे थांबतं, काय मोठ्याने वाचलं जातं, कपाळावर आठी कधी पडते, ते पाहावं. शेवटी एकच विचारावं: ‘काका, यातून तुम्हाला काय मिळणार आहे?’ उत्तरात ‘शनिवार’ आणि ‘धरण’ हे दोन शब्द आले नाहीत, तर मथळा पुन्हा लिहायचा.

मोजायचंच असेल तर तीन महिन्यांनी मोजावं. अंक किती जणांनी उघडला हा आकडा पूर्वी प्रमाण मानला जाई. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची अशी सोय आली, की माणसाने पत्र न उघडताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यामुळे जूनमध्ये नाव दिलेल्यांपैकी सप्टेंबरअखेर किती उरले, आणि किती जणांनी उलट पत्र लिहिलं, हे आकडे अधिक खरं सांगतात. पहिल्याच अंकात एक साधा प्रश्न विचारावा: तुमच्या शेताला किंवा गावाला कोणत्या धरणाचं पाणी येतं? उत्तरं वाचून लिहिणारीला कदाचित कळेल, की ऑक्टोबरात धरण भरल्यावर लोक गळत नाहीत, त्यांचा प्रश्न बदलतो. साठा किती, हे विचारणं थांबतं आणि रब्बीचं पहिलं आवर्तन कधी सुटणार, हे विचारणं सुरू होतं. मग पानाचा मथळा त्याप्रमाणे बदलावा: ‘पावसाळ्यात साठा, हिवाळ्यात आवर्तनाच्या तारखा, दर शनिवारी सकाळी.’